हो ची मिन्ह महामार्ग दुचाकीवरून: हनोई ते कोन तुम, पश्चिम शाखेने

युद्धाच्या काळात उत्तर व्हिएतनाममधून दक्षिणेला माणसं, तांदूळ आणि दारूगोळा पोचवणारी 'हो ची मिन्ह वाट' वेगळी आणि आज नकाशात दिसणारा 'हो ची मिन्ह महामार्ग' वेगळा. निघण्याआधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या, म्हणजे तिथे जाऊन भ्रमनिरास होत नाही. जुनी वाट बरीचशी सीमेपलीकडे, लाओस आणि कंबोडियातून जायची. नवा महामार्ग पूर्णपणे व्हिएतनामच्या हद्दीत आहे. तो त्याच डोंगररांगेला धरून जातो आणि जुन्या वाटेचे काही तुकडे पोटात घेतो.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा महामार्ग अथपासून इतिपर्यंत करायचा हट्ट धरू नका. चीनच्या सीमेजवळच्या पाक बॉपासून देशाच्या दक्षिण टोकाला दात मुईपर्यंत त्याची आखलेली लांबी ३,१०० किमीहून जास्त आहे. त्यातला बराचसा भाग ट्रक, गावं आणि रबराच्या बागा यांच्यामधून जाणारा साधा हायवे आहे. खरा रस्ता आहे मधला, फोंग न्या ते थान्ह मी, म्हणजे डोंगरातून जाणारी पश्चिम शाखा. सुट्टी कमी असेल तर तेवढाच करा. दोन-अडीच आठवडे हातात असतील, तर हनोईहून निघून कोन तुमपर्यंत या. पुढचा लेख त्याच हिशेबाने लिहिला आहे.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय रस्ता कळत नाही

१९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम १७ व्या अक्षांशाजवळ दोन भागांत विभागला गेला. करारावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड हे बाकीचे दोन सदस्य. किनाऱ्याजवळचा सरळ रस्ता या विभाजनरेषेवरच्या बेन हाय नदीपाशी अडला. तेव्हा उत्तरेच्या लष्कराने मे १९५९ मध्ये एक तुकडी उभी केली. वर्ष आणि महिन्यावरून तिला ५५९ हा आकडा मिळाला. तिचं काम एकच: त्रुओंग सोन डोंगररांगेतून दक्षिणेला रसद पोचवणं. व्हिएतनामी लोक त्या वाटेला डोंगराच्याच नावाने ओळखतात. 'हो ची मिन्ह ट्रेल' हे नाव अमेरिकनांनी रूढ केलं.

सुरुवातीला सगळा माल पाठीवर आणि सायकलवर. या सायकली चालवायच्या नव्हत्या, ढकलायच्या होत्या. हँडलला बांबूचा लांब दांडा बांधायचा, म्हणजे बाजूने चालत वळवता येते. सीटच्या मागे दुसरा उभा दांडा, म्हणजे चढावर रेटा देता येतो आणि उतारावर मागे खेचून धरता येते. चौकटीला दोन्ही बाजूंनी पोती लटकवायची. अशा एका सायकलवरून दोनशे किलोहून जास्त ओझं जायचं. नंतर ट्रक आले आणि पेट्रोलच्या नळ्याही टाकल्या गेल्या. पायवाटांचं हजारो किलोमीटरचं जाळं झालं. एक रस्ता बॉम्बने तुटला की बाजूचा तयारच असायचा.

अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात एकट्या लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले आणि त्यांचा मोठा वाटा या जाळ्यासाठी होता. तेवढ्यावर भागलं नाही, तेव्हा १९६७ ते १९७२ दरम्यान ढगांत रसायनं फवारून पावसाळा लांबवण्याचाही प्रयोग केला: चिखल वाढेल आणि ट्रक रुततील, या आशेने. बॉम्बपेक्षा पाऊस जास्त काम करील असं अमेरिकन सेनापतींना वाटावं, यातच या रस्त्याबद्दलची सगळ्यात उपयोगाची माहिती आली. तेव्हा पहिली पायरी तीच.

पायरी १: महिना ठरवा

मार्च आणि एप्रिल. बाकी सगळी तडजोड.

कारण असं की त्रुओंग सोनच्या दोन बाजूंना पाऊस वेगवेगळ्या वेळी पडतो. पूर्वेकडच्या उतारावर, म्हणजे फोंग न्या, खे सान्ह, आ लुओई या पट्ट्यात, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये झोडपून काढतो. वादळंही तेव्हाच येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये याच भागात दरडी कोसळून बरेच लोक गेले, त्यांत मदतीला गेलेले सैनिकही होते. दक्षिणेला कोन तुम, प्लेकू या पठारावर मात्र आपल्यासारखा मे ते ऑक्टोबर पावसाळा. दोन्ही बाजू एकाच वेळी कोरड्या मिळायच्या, तर फेब्रुवारीची अखेर ते एप्रिल एवढीच खिडकी उरते. मे ते ऑगस्टमध्ये फोंग न्याच्या बाजूला पाऊस कमी असतो, पण लाओसकडून येणारा कोरडा गरम वारा माणसाला भाजून काढतो.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत थंडी आणि भुरभुर असते. घाटात धुकं इतकं उतरतं की पुढचं वळण दिसत नाही. आणि तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. तो आठवडा टाळा. हॉटेलं, गॅरेजं, खानावळी सगळं बंद.

पायरी २: परवान्याचा प्रश्न आधी सोडवा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच लोक स्वतःची फसवणूक करून घेतात.

आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो. व्हिएतनाम १९६८ च्या करारानुसारचा परवाना मानतो. म्हणजे भारतीय परवाना आणि त्यावरचा आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही खिशात असले, तरी तिथल्या कायद्याने तुम्ही विनापरवाना चालक ठरता. गाडी भाड्याने देणारा 'काही होत नाही हो' म्हणेल. त्याचं खरंही ठरेल, अपघात होईपर्यंत. एकदा अपघात झाला, की प्रवास विम्याची कंपनी पहिला कागद परवान्याचा मागते. शिवाय २०२५ पासून वाहतुकीचे दंड बरेच वाढले आहेत आणि गाडी जप्तही होऊ शकते.

मग उपाय काय? एक, मागच्या सीटवर बसा. अनुभवी स्थानिक चालकाच्या मागे बसून हा अख्खा रस्ता करता येतो. या चालकांना सगळे 'ईझी रायडर' म्हणतात. रोजचा खर्च साधारण सत्तर-ऐंशी डॉलरच्या पुढे, राहणं धरून की सोडून ते आधी विचारून घ्या. हा मार्ग म्हाताऱ्यांसाठी आहे असं समजू नका. दरी बघायला मिळते, आणि वाटेतल्या माणसांशी बोलायला दुभाष्याही मिळतो. दोन, चालकासकट चारचाकी. तिघं-चौघं असाल तर हे सगळ्यात स्वस्त. तीन, ५० सीसीच्या आतली गाडी, तिला परवाना लागत नाही. पण सामान लादून ती एक हजार मीटरच्या खिंडीत नेणं म्हणजे गाडीवर आणि स्वतःवर अन्याय. चार, सायकल. पाय असतील तर याहून चांगलं काही नाही.

नातेवाइकांपैकी कुणाकडे १९६८ च्या करारात असलेल्या देशाचा परवाना असेल, जर्मनी किंवा ब्रिटनमध्ये राहणारी आपली बरीच मंडळी आहेत, तर त्यांनी तिथून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा आणि गाडी त्यांनी चालवावी. त्यातही मोटरसायकलचा शिक्का आहे का ते पाहा. फक्त कारचा चालत नाही. विमा कंपनीला ई-मेल पाठवून 'इतक्या सीसीची गाडी, या परवान्यावर, या देशात' असं लेखी उत्तर मागवा.

व्हिसा मात्र सोपा. भारतीयांना ई-व्हिसा लागतो, तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. सरकारी संकेतस्थळ वापरा, त्याच्यासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं भरपूर आहेत. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा. वडिलांचं नाव मधे असतं की शेवटी, यावर आपल्याकडच्या लोकांचे अर्ज अडकतात.

पायरी ३: गाडी आणि सामान

होंडा वेव्ह किंवा तिच्या जातीची ११० सीसीची बिनक्लचची गाडी पुरते. ज्याने आयुष्यात स्प्लेंडर चालवली आहे त्याला गिअरचा क्रम ओळखीचा वाटेल: सगळे खाली. ही गाडी देशातला प्रत्येक मेकॅनिक डोळे मिटून उघडू शकतो आणि हीच तिची खरी किंमत. दोघं एका गाडीवर असाल किंवा उंची जास्त असेल, तर १५० सीसीची होंडा एक्सआर घ्या. हनोईत घेऊन दा नांगला किंवा हो ची मिन्ह सिटीत सोडता येईल अशी कंपनी शोधा, त्यासाठी वेगळे पैसे घेतात.

ताब्यात घेताना: दोन्ही ब्रेक, टायरची नक्षी, चेन, हेडलाइट आणि हॉर्न तपासा, गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. गाडीचं नोंदणीकार्ड मूळ मागा. पासपोर्ट अनामत म्हणून ठेवू नका, कारण रात्रीच्या मुक्कामी तो रोज लागतो. लॉजवाला पोलिसांत नोंद करायला घेतो. रोख अनामत द्या. मिळणारं हेल्मेट बहुधा टोपीसारखं असतं, शक्य तर आपलं घेऊन जा.

सामानात पूर्ण रेनकोट कोरड्या महिन्यातही हवा. सामान पाठीवर नको, मागे रबराने बांधा. पंक्चरचं सामान बरोबर घ्या; पश्चिम शाखेचा मधला टप्पा सोडला तर दर गावात दुरुस्तीवाला असतो. मोबाईलला व्हिएटेलचं सिम घ्या. ही लष्कराची कंपनी आहे आणि डोंगरात तिचीच रेंज सर्वांत लांबपर्यंत जाते.

पैसे: एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळ्या असतात. संध्याकाळच्या उजेडात पेट्रोल पंपावर पंचवीसपट पैसे देऊन मोकळं व्हायचं नसेल, तर पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. डोंगरातल्या खानावळीत कार्ड चालत नाही.

नकाशा: गुगलला 'हनोई ते कोन तुम' विचारलंत, तर तो तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलेल. सुआन माय, तान की, हुओंग खे, खे गात, खे सान्ह, आ लुओई, प्राओ, थान्ह मी, खाम डुक असे थांबे एकेक घाला आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. आणखी एक घोळ: १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने प्रांतांची संख्या ६३ वरून ३४ वर आणली आणि जिल्हे हा स्तरच काढून टाकला. फोंग न्या ज्यात होतं तो क्वांग बिन्ह प्रांत आता क्वांग त्रीमध्ये आहे, कोन तुम हे क्वांग न्गाईमध्ये, आणि प्राओ, थान्ह मी, खाम डुक हे दा नांगमध्ये. जुने ब्लॉग, नवे नकाशे आणि रस्त्यावरच्या पाट्या यांचा मेळ बसला नाही तर गोंधळू नका, गावाचं नाव धरून चला.

पायरी ४: हनोई ते फोंग न्या

हनोईत एक दिवस द्याच. वॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं एक संदेश फिरतो: अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामी नेत्याने शिवाजी महाराजांपासून स्फूर्ती घेतली आणि त्याच्या समाधीवर तसं कोरलेलं आहे. बा दिन्ह चौकातल्या समाधीभवनात हो ची मिन्ह यांचा देह जतन केलेला आहे. तिथे असली ओळ नाही. महाराजांच्या गनिमी काव्याला अशा प्रशस्तिपत्रकाची गरज नाही, आणि व्हिएतनामी लोकांना त्यांच्या हजार वर्षांच्या लढायांचा अनुभव पुरेसा होता.

शहरातून नैऋत्येला हायवे ६ ने निघा. त्याच रस्त्यावर हो ची मिन्ह वाटेचं संग्रहालय आहे. मघाशी सांगितलेल्या सायकली, ट्रक आणि वाटेची मोठी प्रतिकृती तिथे पाहा. पुढचे दिवस आपण कुठून चाललो आहोत हे ती प्रतिकृती पाहिल्यावर कळतं. सुआन मायला डावीकडे वळलं की महामार्ग सुरू. गाड्या उजव्या बाजूने चालतात. वस्तीत वेगमर्यादा पाळा, पोलीस तिथेच उभे असतात. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. आणि दारू शून्य: एक बिअर घेऊन गाडी चालवली तरी गुन्हा. दुपारी जेवणात कुणी प्रेमाने तांदळाच्या दारूची वाटी पुढे केली, तर हात जोडून गाडीच्या किल्लीकडे बोट दाखवा, समोरचा समजून घेतो.

पहिले दोन दिवस रस्ता सपाट आहे, ऊस, चहा, चुनखडीचे सुळके. तान की इथे जुन्या वाटेचा शून्य किलोमीटरचा दगड आहे. फोटो काढून पुढे निघा. फो चाऊ, हुओंग खे ही मुक्कामाची गावं. हुओंग खेच्या पूर्वेला, वाकडी वाट करून, डोंग लोक नावाचा तिठा आहे. तिथे २४ जुलै १९६८ रोजी बॉम्बहल्ल्यात रस्ता दुरुस्त करणाऱ्या दहा मुली एका वेळी गेल्या. त्यांच्या थडग्यांवर लोक कंगवे आणि आरसे ठेवतात. युद्धाची संग्रहालयं एकसारखी वाटायला लागतात, हे ठिकाण तसं नाही. अर्धा दिवस काढा.

फोंग न्याच्या अलीकडे खे गातला रस्ता एकदम रुंद आणि सरळ होतो. ती जुनी धावपट्टी आहे. एप्रिल १९७२ मध्ये इथूनच उडालेल्या दोन मिग-१७ विमानांनी अमेरिकन युद्धनौकांवर हल्ला केला होता. आज तिथून म्हशी जातात. इथेच महामार्गाच्या दोन शाखा फुटतात: पूर्वेची किनाऱ्याच्या बाजूने, पश्चिमेची डोंगरातून.

फोंग न्यात दोन रात्री राहा. गाडीचं ऑइल बदला, चेन ताणून घ्या. थिएन दुओंग ही गुहा पाहा. ती ३१ किमी लांब मोजलेली आहे, पण साध्या तिकिटावर पहिला एक किलोमीटर चालता येतो आणि तेवढा पुरतो. जवळच 'विसाव्या क्रमांकाचा' रस्ता लाओसकडे जातो. तो १९६६ मध्ये तरुण मुला-मुलींनी खोदला. त्याच्या कडेच्या गुहेत नोव्हेंबर १९७२ मध्ये बॉम्बने शिळा कोसळून आठ स्वयंसेवक आत अडकले. बाहेरच्यांना त्यांचे आवाज कित्येक दिवस येत होते, शिळा मात्र हलली नाही. आता तिथे मंदिर आहे. उदबत्ती लावायला स्थानिक लोक मोठ्या संख्येने येतात. गुडघे झाकणारे कपडे घाला.

पायरी ५: फोंग न्या ते खे सान्ह, हाच तो टप्पा

सुमारे २३५ किलोमीटर. मधे एकही खरं शहर नाही. सगळं नियोजन पेट्रोलपासून सुरू करा.

वेव्हची टाकी पावणेचार लिटरची. सपाटीवर ती लिटरला पन्नास-पंचावन्न किमी देते, पण सामान आणि चढ धरून पन्नासच धरा. म्हणजे टाकीत सुमारे १८५ किमी. पन्नास कमी पडतात. निघताना टाकी काठोकाठ आणि बरोबर दोन लिटरचा डबा. वाटेतल्या वस्तीत बाटलीतून पेट्रोल विकणारी घरं असतात, पण घरधनी शेतावर गेला की विक्री बंद. दर लिटरला वीस हजार डोंगच्या आसपास, बाटलीतलं अर्थातच महाग. जेवणाचंही तसंच: दोन केळी, भाजलेले शेंगदाणे, तीन लिटर पाणी बरोबर असू द्या.

एका दिवसात करायचा असेल तर सकाळी साडेसहाला निघा आणि ताशी पस्तीसपेक्षा जास्त सरासरी गृहीत धरू नका. मधे त्रुओंग सोन गावात साधी लॉज आहे, तिथे मुक्काम केला तर उत्तम. मी हेच सुचवीन. अंधार पडल्यावर या रस्त्यावर राहायचं नाही.

रस्ता डांबरी नाही, सिमेंटच्या लाद्यांचा आहे. पावसात वाहून जाऊ नये म्हणून तसा केला. दर काही मीटरला लादीचा सांधा येतो आणि चाकाखाली एकसारखा ठक-ठक आवाज होत राहतो. त्या तालाने डोळा लागू शकतो, तासाला एकदा थांबा. उन्हातल्या लाद्या कोरड्या, खरखरीत. पण वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे दिवसभर झाडांची सावली असते, तिथे लादीवर हिरवट-काळा पातळ थर धरलेला असतो. तो शेवाळाचा. तिथे पुढचा ब्रेक लावलात तर चाक बाजूला निघून जातं. पावसाळ्यात आपल्या आंबेनळी घाटात सावलीच्या वळणावर जे भान ठेवतो तेच इथे कोरड्या दिवशीही ठेवा: वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. दरडीची लाल माती पसरलेली दिसली की गाडी सरळ धरून, ब्रेकला हात न लावता, सावकाश पार करा.

ऊ बो खिंड हा पहिला मोठा चढ. वर ढग असतात, खालचं जंगल दिसतं-न दिसतं. तासतासभर एक गाडी भेटत नाही. उताराला इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची आपल्याकडची सवय इथे सोडा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरा, नाहीतर ब्रेक तापून सुटतात.

आणि लघवीला म्हणूनसुद्धा रस्ता सोडून झाडीत शिरू नका. क्वांग त्री हा व्हिएतनाममधल्या सगळ्यात जास्त बॉम्ब पडलेल्या भागांपैकी एक आहे. न फुटलेले छर्रेबॉम्ब अजून जमिनीत आहेत आणि ते दिसायला मुठीएवढे गोल असतात. मळलेल्या वाटेवरच पाय ठेवा, जमिनीवरचं लोखंड उचलू नका.

या डोंगरातले ब्रू-व्हान किएऊ लोक आडनाव 'हो' लावतात, हो ची मिन्ह यांच्यावरून. मुलं रस्त्याकडेला येऊन ओरडून हात करतात. हात करा, पण गोळ्या-पैसे वाटू नका. त्याने ती धावत्या गाडीच्या पुढ्यात यायला शिकतात. लाओसची सीमा जवळ असल्याने सीमारक्षक क्वचित थांबवतात. पासपोर्ट दाखवा, हसा, निघा.

सा मू खिंड उतरून हुओंग फुंगला आलात की कॉफीचे मळे आणि टेकड्यांवर पवनचक्क्या दिसायला लागतात, म्हणजे खे सान्ह आलं. इथल्या अमेरिकन तळाला १९६८ मध्ये ७७ दिवस वेढा पडला होता. ता कोन धावपट्टीवर आता संग्रहालय आहे: जुनं विमान, खंदक, भोवती कॉफीची झाडं. मुक्काम इथेच. जास्तीचा दिवस असेल तर हायवे ९ ने किनाऱ्याकडे उतरून त्रुओंग सोन शहीद स्मशानभूमी पाहा. त्या वाटेवर गेलेल्या दहा हजारांहून अधिक जणांची थडगी तिथे आहेत. तिथून बेन हाय नदीवरचा हिएन लुओंग पूलही जवळ आहे.

पायरी ६: खे सान्ह ते कोन तुम

डाक्रोंगच्या केबलच्या पुलावरून दक्षिणेला वळलं की नदीकाठाने आ लुओईपर्यंत शंभरेक किलोमीटर, सोपे. आ लुओईच्या खोऱ्यात अमेरिकेने जंगल मारायला विषारी रसायन फवारलं. आ सो इथल्या जुन्या तळाची माती त्याने दूषित झाली होती. मे १९६९ मधल्या लढाईची 'हॅम्बर्गर हिल' इथलीच. स्थानिक नाव आ बिआ. वर जायची चढण आहे, वाटाड्या घेऊनच जा.

आ लुओई ते प्राओ हा माझ्या मते दिसायला सगळ्यात देखणा तुकडा. आ रोआंगचे दोन बोगदे लागतात. आत दिवे असतीलच असं नाही, म्हणून गॉगल आधी काढा. प्राओ हे को तू लोकांचं गाव. त्यांची लाकडी सभागृहं बाहेरून पाहायला हरकत नाही, आत जाताना विचारा. पुढे थान्ह मी इथे पश्चिम आणि पूर्व शाखा पुन्हा एक होतात.

सुट्टी संपत आली असेल तर थान्ह मीहून दा नांगकडे उतरा. त्या वाटेवर थोडं वळून मी सोन आहे, चाम राजांची शिवमंदिरं. भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलं आणि २०२० मध्ये त्यांना एकाच दगडातलं नवव्या शतकातलं शिवलिंग मिळालं. आपल्या माणसाला ते चुकवणं जड जाईल.

नाही तर खाम डुकला मुक्काम, मग लो सो खिंड, डाक ग्लेई, डाक तो आणि कोन तुम. खिंडीत ट्रक भरपूर आहेत आणि ते वळणावर तुमच्या बाजूला येतात. हॉर्न वाजवून उजवी कड धरा. डाक तोला स्मारकासमोर रणगाडे उभे आहेत. कोन तुमला नदीकाठच्या बा ना गावांतली उंच छपराची सभागृहं आणि शंभर वर्षांपूर्वीचं लाकडी चर्च पाहा. पुढे प्लेकू, बुओन मा थुओट हा रस्ता रुंद आणि गजबजलेला. कॉफीसाठी जायचं तर बसने जा.

पोटाचं काय

मांसाहारी असाल तर प्रश्नच नाही. शाकाहारींसाठी 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करा. पण डोंगरातल्या खानावळीत भाजीतही मासळीचं पाणी, म्हणजे 'नुओक माम', घालतात. म्हणून 'खोंग नुओक माम', ते नको, हेही सांगा. भात, परतलेली पालेभाजी, टोफू आणि तीळ-शेंगदाण्याचं मीठ एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं. मेतकूट आणि लसणाची चटणी बरोबर असेल तर दिवस सहज निघतात. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी बौद्ध लोक शाकाहार करतात, त्या दिवशी गावातही चांगलं शाकाहारी जेवण मिळण्याची शक्यता जास्त. डोंगरातल्या गावांत संध्याकाळी सातनंतर स्वयंपाक आवरतो, उशीर करू नका.

लॉजसाठी पाटीवर 'न्या न्गी' लिहिलेलं असतं. खोली दोन ते साडेतीन लाख डोंग, गरम पाणी आणि वायफाय धरून. गाडी रात्री आत, हॉलमध्ये घेतात. ते नेहमीचंच आहे, संकोच नको.

गाडी परत करताना

कोन तुमहून गाडी दुसऱ्या शहरात परत करायची असेल, तर भाड्याच्या कंपन्या ती बसच्या पोटातून पाठवायची सोय करतात; कधी आणि कुठून हे निघायच्या आधीच ठरवून लिहून घ्या. टाकी रिकामी करावी लागते, त्यामुळे शेवटच्या दिवशी भरमसाट पेट्रोल भरू नका. चिखल धुऊन घ्या, नाहीतर जुना ओरखडा कुठला आणि नवा कुठला यावर वाद होतो. पहिल्या दिवशीचा व्हिडिओ फोनमध्ये हाताशी ठेवा आणि अनामत हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नका.